इमारत मंजूर झाली, पदांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचं श्रेणीवर्धन होणार, तीस खाटांचं रुग्णालय शंभर खाटांचं होणार आणि त्यासाठी नव्या इमारतीला निधी मंजूर झाला, ही बातमी आपल्या अंकात वाचली. मनापासून आनंद झाला. मी सरकारी दवाखान्यांत तीस वर्षांहून जास्त नोकरी केली. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले आणि परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी कोकणात, त्यातली बरीचशी सिंधुदुर्गात. सरकार आपल्या दवाखान्यांवर पैसा खर्च करायला तयार होतंय, याचं मोल माझ्यासारखीला कोणी समजावून सांगायला नको.

पण बातमी मी दोनदा वाचली. तीत मजले होते, खाटा होत्या, लिफ्ट होती, सीटी स्कॅन होतं, पार्किंगसुद्धा होतं. किती भूलतज्ज्ञ येणार, किती स्त्रीरोगतज्ज्ञ, किती बालरोगतज्ज्ञ, सिस्टर किती, कक्षसेवक आणि सफाई कामगार किती, याबद्दल एक ओळही नव्हती. बातमीदाराला मी दोष देत नाही, कारण घोषणेतच ते नसणार. म्हणून हे पत्र. इमारतीचा नारळ फुटण्याआधी पदनिर्मितीचा शासन निर्णय निघाला पाहिजे, आणि भूलतज्ज्ञाची किमान दोन पदं भरली जातील याची हमी मिळाली पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. भूलतज्ज्ञावरच एवढा जोर का, ते सांगते.

ग्रामीण रुग्णालयातली रात्र बाहेरच्यांना माहीत नसते. दिवसभर ओपीडीला रांग असते, केसपेपर फाटत असतात, इंजेक्शन रूमसमोर माणसं उभी असतात, तेव्हा दवाखाना भरलेला आणि चालता दिसतो. रात्री दोन वाजता दिवस भरलेली बाई कळा देत येते. आत घ्यावं, तपासावं, तर बाळाचे ठोके कमी होत चाललेले. ड्युटीवरचे डॉक्टर येतात, बघतात आणि म्हणतात, सीझर लागणार. ओटी, म्हणजे शस्त्रक्रियेची खोली, आहे. टेबल आहे, दिवे आहेत, निर्जंतुक केलेल्या साहित्याचे ड्रम भरून ठेवलेले आहेत. कधी कधी स्त्रीरोगतज्ज्ञही असतात. भूल द्यायला माणूस नसतो. मग त्या सगळ्या सामग्रीला कुलूप आणि बाईला रेफर.

रेफर म्हणजे काय, तेही सांगते, कारण कागदावर तो एक शब्द असतो. १०८ ला फोन करायचा. गाडी दुसऱ्या केसवर असेल तर थांबायचं. तोवर सलाईन लावायचं, कॅथेटर घालायचा, डाव्या कुशीवर झोपवायचं, ठोके मोजत राहायचं. डॉक्टर संदर्भ चिठ्ठी लिहितात. नातेवाइकांना समजवायचं काम सिस्टरचं. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं म्हटलं की बाईची सासू हात धरून म्हणते, "सिस्टर, बांबोळेक धाडू नकात, हयच काय ता करा." तिला काय सांगायचं? इथे डॉक्टर दिसतायत, खोली दिसतेय, मग इथे का होत नाही, हे त्या माउलीला कळत नाही आणि आम्हाला नीट सांगता येत नाही. गाडीतच प्रसूती होईल अशी लक्षणं असली की सोबत एक सिस्टर पाठवावी लागते. ती गेली की मागे वॉर्डात एकटी सिस्टर, आणि तिच्याकडे लेबर रूम, पुरुष वॉर्ड, बायकांचा वॉर्ड आणि अपघात विभाग, सगळं.

आमच्या भागात गोव्याच्या बांबोळीचं नाव लहान मुलालाही माहीत आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला इथल्या कित्येक घरांत कोणी ना कोणी तिथे वाचलेलं आहे. तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजचं मूळ १८४२ सालच्या वैद्यकीय शाळेत आहे, आणि इतकी वर्षं त्यांनी आमची माणसं आपली म्हणून पाहिली. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. त्या वेळी गोव्यावर टीका झाली. मला ती तेव्हाही पटली नव्हती. दुसऱ्या राज्याने आपल्या करदात्याच्या पैशातून किती काळ आमच्या जिल्ह्याचं दुखणं काढायचं? शेजारच्या राज्याकडे मागण्याआधी आपल्या सरकारकडे मागायला हवं होतं, आणि आजही तेच करायला हवं.

आणि प्रश्न फक्त पैशाचा असता तर निभावलं असतं. प्रश्न वेळेचा आहे. बाळंतपणानंतर अंगावरून जोरात जायला लागलं, पिशवी आकसली नाही, वार अडकली, तर अशी बाई दोन तासांच्या आत दगावू शकते. हे आम्हाला शिकतानाच सांगतात. सावंतवाडीहून बांबोळी गाठायलाच सव्वा-दीड तास जातो, आणि सावंतवाडीपर्यंत यायला वाडीवरून निघावं लागतं, तेही जुलैच्या पावसात, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली नसेल तर. त्या दोन तासांचा हिशेब नव्या इमारतीच्या नकाशात कुठे बसतो, ते कोणीतरी सांगावं.

भूलतज्ज्ञ फक्त सीझरला लागतो असंही नाही. आमच्याकडे भातकापणीच्या दिवसांत फुरसं या विषारी सापाचे दंश येतात. फुरसं चावलं तर रक्त गोठत नाही, त्यावर सर्पदंशाची लस आहे आणि ती ग्रामीण रुग्णालयात मिळते. पण मण्यार चावली की श्वासाचे स्नायू लुळे पडतात. लस दिली तरी श्वास सुरू ठेवायला घशात नळी घालावी लागते, तासन् तास हवा द्यावी लागते. त्या कामात सर्वांत तयार हात भूलतज्ज्ञाचा असतो. महामार्गावर अपघात होतो, डोक्याला मार लागलेला बेशुद्ध मुलगा येतो, तिथेही आधी श्वासनलिका सांभाळायची असते. लेप्टोच्या तापाचा रुग्ण धाप लागून अत्यवस्थ होतो तिथेही तेच. सीटी स्कॅन आलं पाहिजे, नक्की आलं पाहिजे. पण सीटीच्या टेबलावर रुग्ण जिवंत पोचवणारा माणूस त्याआधी हवा.

आता मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक चांगले होते आणि आहेत. माझ्या नोकरीच्या मधल्या काळात तिथे एक भूलतज्ज्ञ काही वर्षं टिकले. इमारत जुनी, पावसाळ्यात व्हरांड्यात बादल्या ठेवायचो. ओटीचं टेबल पायाने वरखाली करायचं, तेही अडकायचं. पण त्या वर्षांत आठवड्याचे शस्त्रक्रियेचे दिवस ठरलेले होते. हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, पिशवी काढणं, कुटुंब नियोजन, सगळं तिथे व्हायचं. रात्रीची सीझर व्हायची. शेजारच्या तालुक्यातून बाया आमच्याकडे येऊ लागल्या. खासगीत जाणारे शिक्षक, तलाठी, दुकानदारसुद्धा आपल्या सुना आमच्याकडे आणायला लागले. दवाखान्याला एक मान आला. आम्ही सिस्टर थकायचो, पण घरी जाताना मान वर असायची.

मग त्यांची बदली झाली. जागा रिक्त राहिली. प्रतिनियुक्तीवर कोणी आठवड्यातून एकदा येणार असं ठरलं, ते कधी आले, कधी नाही. खासगी भूलतज्ज्ञाला केसमागे मानधन देऊन बोलवायची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. तीही करून पाहिली. पण तालुक्यात खासगी भूलतज्ज्ञच नसेल तर बोलवायचं कुठून, आणि रात्री दोनला तो का येईल? वर्षभरात शस्त्रक्रियेची वही जवळजवळ कोरी राहू लागली. इमारत तीच, टेबल तेच, आम्ही त्याच. सर्जन दिवसभर ओपीडीत खोकल्याची औषधं लिहीत बसू लागले आणि कंटाळून त्यांनीही बदली मागितली. शस्त्रक्रिया नाही म्हणून रुग्ण नाही, आणि रुग्ण नाही म्हणून पुढचं अनुदान कमी. एका पदामुळे सगळं रुग्णालय कसं हळूहळू बसतं, ते मी रोज हजेरी लावून पाहिलं आहे.

"डॉक्टर ग्रामीण भागात यायला तयार नाहीत" हे वाक्य मी मंत्र्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे. अर्धं खरं आहे. जे आले ते का गेले, हे कोणी विचारत नाही. ज्या भूलतज्ज्ञांबद्दल लिहिलं ते एकटे होते. एकटा माणूस वर्षाचे सगळे दिवस, सगळ्या रात्री कॉलवर कसा राहील? त्यांना गणपतीला गावी जाता येत नसे, आजारी पडायची सोय नव्हती. निवासस्थान मिळालं होतं त्याच्या छपरातून पाणी गळायचं आणि भिंतींना बुरशी. म्हणून मी दोन पदं म्हणते. दोघे असले की एक जण झोपू शकतो, रजा घेऊ शकतो, माणसासारखा राहू शकतो. आणि निवासस्थानं आधी बांधा. मुख्य इमारतीचं काम चालू असताना निवासस्थानांचं काम "दुसऱ्या टप्प्यात" ढकललं जातं, आणि तो टप्पा येता येत नाही.

सिस्टरच्या पदांचंही गणित मांडते, कारण ते कोणी मांडत नाही. लेबर रूममध्ये चोवीस तास एक सिस्टर हवी असेल तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या होतात. एका सिस्टरला साप्ताहिक सुट्टी धरून सहा पाळ्या करता येतात. म्हणजे रजा, आजारपण, प्रशिक्षण काहीच धरलं नाही तरी साडेतीन माणसं, आणि ते धरलं तर साडेचार-पाच. ही फक्त एका खोलीतल्या एका खुर्चीची गोष्ट. शंभर खाटांच्या रुग्णालयात अशा खुर्च्या किती, ते मोजा: लेबर रूम, नवजात शिशू कक्ष, ओटी, अपघात विभाग आणि प्रत्येक वॉर्ड. खाटा वाढवल्या आणि सिस्टर तेवढ्याच ठेवल्या, तर वाढलेल्या खाटांवर रुग्ण फक्त झोपलेले असतील. कंत्राटी मुली आमच्याबरोबर काम करतात, जीव तोडून करतात, आणि अकरा महिन्यांनी पुढचा आदेश येईल का याची वाट बघत बसतात. नव्या रुग्णालयाचा कणा कंत्राटी असू नये.

शासनाची गाडी कशी चालते ते मी पाहिलेलं आहे. प्रशासकीय मान्यता मिळते, सार्वजनिक बांधकाम विभाग निविदा काढतो, इमारत उभी राहायला काही वर्षं जातात, मग ती आरोग्य विभागाकडे हस्तांतरित होते. पदनिर्मितीची फाईल मात्र वेगळ्या वाटेने वित्त विभागाकडे जाते आणि बरेचदा इमारतीच्या कितीतरी मागून येते. मधल्या काळात रंग दिलेल्या इमारतीला कुलूप असतं, किंवा तीस खाटांचा कर्मचारी वर्ग शंभर खाटांवर पसरतो. यंत्रं आधी येतात. खोक्यातच हमीची मुदत संपलेली यंत्रं मी साठा नोंदवहीत चढवलेली आहेत. ती चालवणारा तंत्रज्ञ नव्हता, किंवा तेवढा वीजभार नव्हता.

वीज म्हटलं की भंडाऱ्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक परिचारिकेच्या काळजाला तो चरा आहे. त्यानंतर सगळीकडे अग्निसुरक्षेची तपासणी झाली, अहवाल गेले. अहवालात सुचवलेल्या वायरिंगला, पॅनेलला, धूर ओळखणाऱ्या यंत्रांना आणि त्यांच्या दरवर्षीच्या देखभालीला पैसे लागतात. नव्या इमारतीच्या रकमेत पुढच्या दहा वर्षांची देखभाल धरली आहे का? जनरेटरचं डिझेल, ऑक्सिजनच्या पाइपलाइनची तपासणी, लिफ्टचा करार, हे सगळं कुठल्या शीर्षाखाली येणार? उद्घाटनानंतर हेच प्रश्न वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर येऊन पडतात आणि ते बिचारे रुग्ण कल्याण समितीच्या तुटपुंज्या पैशांतून बल्ब बदलत बसतात.

सरकारी दवाखान्यात मोठं काम होत नाही असं समजणाऱ्यांना मी नेहमी महाडचं उदाहरण देते. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, हृदय आणि फुप्फुसांवर परिणाम होऊन मरत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं टिपली, प्राझोसिन या साध्या, स्वस्त औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि 'लॅन्सेट'सारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकाने त्यांचं काम छापलं. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली. त्या आरोग्य केंद्रात ना लिफ्ट होती ना सीटी. रुग्णाजवळ रात्रभर थांबणारा माणूस होता. आमच्याकडेही २०१६ पासून दोडामार्ग-बांदा भागात माकडताप आला, ऐन काजूच्या हंगामात. तेव्हा आशाताई, आरोग्य सेवक आणि डॉक्टर बागाबागांत फिरले. गोचिडीपासून बचावाचं तेल वाटलं, तापाचे रुग्ण शोधले. ते काम माणसांनी केलं.

मग पैसा कुठून आणायचा? राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्येच म्हटलं होतं की राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून जास्त भाग २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावा. महाराष्ट्रासारखं श्रीमंत राज्य त्याच्या बरंच खाली आहे. म्हणजे पैसा नाही असं नाही, तो इकडे वळवायचा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, तो निर्णय चांगला होता. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया केल्या तर सरकारी रुग्णालयालाही पैसे मिळतात. पण शस्त्रक्रियाच होत नसतील तर ते पैसे खासगीकडेच जाणार. भूलतज्ज्ञाचा पगार त्या उत्पन्नापुढे किती, हे एखाद्या लेखापालाने बसून काढावं.

माणसं मिळवण्याच्या वाटाही आहेत. आमच्या जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्षाला १०० विद्यार्थी घेतं. तिथे भूलशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण जोमाने वाढवावं आणि शिकणाऱ्यांच्या पाळ्या तालुक्याच्या रुग्णालयांत लावाव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात तीन महिने काम करणं आता बंधनकारकच आहे. एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसंगी भूल देण्याचं प्रशिक्षण देण्याची सरकारची स्वतःची योजना आहे. आमच्या तालुक्यातच घर असलेले, इथेच राहू इच्छिणारे डॉक्टर त्यासाठी निवडावेत, आणि प्रशिक्षण संपलं की त्यांना भलतीकडे बदलू नये. रक्त साठवणूक केंद्र नव्या इमारतीची वाट न बघता आहे त्या इमारतीत सुरू करावं. त्याला एक खास फ्रिज, एक तंत्रज्ञ आणि परवाना लागतो. मजला लागत नाही.

शेवटी आपल्या वार्ताहरांसाठी एक विनंती. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात संदर्भ सेवेची नोंदवही असते. कोणता रुग्ण, कधी, कुठे पाठवला आणि का, हे तीत लिहिलेलं असतं. 'का' च्या रकान्यात "तज्ज्ञ उपलब्ध नाही" हे शब्द किती वेळा येतात, ते रुग्णांची नावं वगळून दर महिन्याला छापा. पालकमंत्र्यांना जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत तोच आकडा विचारा, आमदारांना विचारा. नव्या इमारतीवर खर्च झालेले कोटी उपयोगी पडले की नाही, हे त्या आकड्यावरून मोजता येईल. तो कमी होत गेला तर मी स्वतः आपल्याला आभाराचं पत्र लिहीन. पायाभरणीच्या कार्यक्रमाची तारीख ठरत असल्याचं ऐकते. त्या दिवशी व्यासपीठावर जे कोणी असतील त्यांना कृपया पहिला प्रश्न हाच विचारा, की पदनिर्मितीचा शासन निर्णय निघाला का, आणि निघाला असेल तर त्यात भूलतज्ज्ञ किती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका
जि. सिंधुदुर्ग